वर्गाचा फोटो किती मोठा छापता येईल?



दहावीचा निरोप समारंभ झाला की दुसऱ्याच दिवशी वर्गाच्या ग्रुपवर फोटो येतात. त्यातला एक सगळ्या वर्गाचा असतो. मग एखादी आई विचारते, "सर, हा मोठा करून फ्रेम करायचाय, किती मोठा होईल?" त्यावर कुणीतरी पटकन उत्तर देतं, "काळजी नको, पन्नास मेगापिक्सेलच्या फोनने काढलाय, कितीही मोठा करा." मग दादरच्या एखाद्या लॅबमध्ये फाइल जाते, बारा बाय अठराचा प्रिंट निघतो आणि चेहऱ्यांच्या जागी पुसट पिठाचे गोळे दिसतात. दोष कॅमेऱ्याला दिला जातो, नाहीतर लॅबवाल्याला. खरं तर दोघांनीही आपलं काम नीट केलेलं असतं.

फोटो किती मोठा छापता येईल, हा आपल्या सातवी-आठवीच्या गणितातला प्रश्न आहे. गुणोत्तर, प्रमाण आणि थोडं क्षेत्रफळ, एवढंच त्याला लागतं. हा हिशेब प्रत्येक शाळेत एकदा तरी फळ्यावर मांडला जावा असं मला वाटतं, कारण तो न कळल्यामुळे आपण मुलांचे फोटो असे साठवतोय की वीस वर्षांनी त्यांतून काहीच काढता येणार नाही.

आधी हिशेब बघू. डिजिटल फोटो म्हणजे रंगीत चौकटींची जाळी. एका चौकटीला पिक्सेल म्हणतात. फोनमधला बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० चौकटी रुंद आणि ३००० चौकटी उंच असतो. गुणाकार करा, १ कोटी २० लाख. आता छापताना एका इंचात किती चौकटी बसवायच्या हे आपण ठरवतो. हातात धरून बघायच्या फोटोसाठी इंचाला ३०० हा आकडा धरतात. ४००० भागिले ३०० म्हणजे सव्वातेरा इंच आणि ३००० भागिले ३०० म्हणजे दहा इंच. बारा मेगापिक्सेलचा उत्तम प्रिंट हा एवढा. आपला नेहमीचा चार बाय सहाचा फोटो? १२०० गुणिले १८००, म्हणजे जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल. आठ बाय दहाला सव्वासात मेगापिक्सेल पुरतात.

हा ३०० आकडा आला कुठून, असं वर्गात एखादं चौकस पोर विचारणारच. विचारलं तर खूश व्हा. माणसाच्या डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं अंतर वेगळं ओळखता येतं. पुस्तक वाचताना आपण ते सुमारे ३० सेंटिमीटरवर धरतो. तेवढ्या अंतरावर हा कोन ०.०८७ मिलिमीटरचा होतो, आणि एका इंचात असे सुमारे २९० तुकडे बसतात. त्याचंच सोयीसाठी ३०० झालं. म्हणजे हा आकडा कॅमेऱ्याचा नाहीच, आपल्या डोळ्याचा आणि हाताच्या लांबीचा आहे. अंतर वाढलं की आकडा त्याच प्रमाणात कमी होतो. दहापट लांब गेलात, तर इंचाला तीसही पुरतात. व्यस्त प्रमाणाचं याहून चांगलं उदाहरण मला तरी पाठ्यपुस्तकात दिसलेलं नाही.

ते डोळ्यांनी बघायचं असेल तर गणेशोत्सवात लालबागला जा. डॉ. आंबेडकर रोडवर, गल्ल्यांच्या तोंडाशी वीस-वीस फुटांचे फ्लेक्स लागलेले असतात. त्यांवर हात जोडलेले भाऊ, दादा आणि त्यांचे सगळे शुभेच्छुक असतात. यातले पुष्कळ चेहरे साध्या फोनमधल्या फोटोंवरून छापलेले असतात, तरी समोरच्या फुटपाथवरून मिशीचा केस न् केस दिसल्यासारखा वाटतो. हिशेब करून बघा. वीस फूट म्हणजे २४० इंच. ४००० चौकटी २४० इंचांत पसरल्या की इंचाला सोळा-सतरा आल्या. तीस फुटांवर उभ्या असलेल्या माणसाला इंचाला दहा पुरतात. म्हणजे बारा मेगापिक्सेलचा फोटो वीस फुटांच्या फ्लेक्सला पुरून उरला! तोच फोटो नीट तेरा इंचांच्या पलीकडे जात नाही असं आत्ताच म्हटलं होतं. दोन्ही खरं आहे. बघणारा कुठे उभा आहे, यावर सगळं आहे. मुलांना फुटपाथवरच्या एखाद्या बॅनरच्या अगदी जवळ नेऊन उभं करा, ठिपके आणि डाग दिसतील. मग एकेक पाऊल मागे यायला सांगा. कितव्या पावलावर चेहरा 'जमला' ते वहीत लिहू द्या. मोजायला टेप न्या. रस्त्यावर मात्र उतरू देऊ नका.

पावसाळ्यात बाहेर नेणं जमत नसेल, तर वर्तमानपत्र आणि भिंग पुरे. छापलेला फोटो भिंगाखाली धरला की नुसते ठिपके दिसतात, कुठे मोठे कुठे लहान. या युक्तीला छपाईत हाफटोन म्हणतात आणि तिचं आपल्या भागाशी जवळचं नातं आहे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळले त्याआधी फोटोग्राफी आणि छपाईच्या धंद्यात होते. हाफटोनचे ठोकळे करायचं काम ते शिकले होते. पुढे त्यांनी दादरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' चित्रित केला आणि ३ मे १९१३ला तो गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लोकांना दाखवला. ज्या माणसाचं नाव दादर पूर्वेच्या रस्त्याला आहे, त्याने ठिपक्यांतून चेहरा उभा करण्याचं काम हाताने केलं होतं, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे जरा मोठे होतात. पिक्सेल हा शब्द नवा असला, तरी कल्पना नवी नाही.

आता मेगापिक्सेलच्या मोहाबद्दल. बाराऐवजी अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल म्हटलं की चौपट मोठा फोटो छापता येईल असं वाटतं. येत नाही. ८००० बाय ६००० म्हणजे लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट. प्रिंट सव्वातेरा इंचांवरून साडेसव्वीस इंचांवर जातो, बस्स. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं, हे दहावीला आपण फळ्यावर सिद्ध करतो. दुकानात फोन घेताना ते कुणालाच आठवत नाही, शिकवणाऱ्यालासुद्धा! शिवाय अठ्ठेचाळीस-पन्नासवाले बरेच फोन नेहमीच्या वापरात चार चौकटींची एक चौकट करून बारा-साडेबाराचाच फोटो देतात. पूर्ण आकड्याचा फोटो हवा असेल, तर ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावं लागतं. आणि बोटांनी ओढून झूम केलंत, तर फोन बहुतेक वेळा नुसता मधला तुकडा कापतो. दुप्पट झूम म्हणजे चौकटी एक चतुर्थांश. बाराचे तीन झाले. त्यापेक्षा चार पावलं पुढे चालत जा.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गळती पुढे आहे, आणि ती आपल्या हाताने होते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लहान होऊन जातो. लांब बाजू साधारण १६००च्या आसपास उरते. १६०० बाय १२०० म्हणजे दोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. इंचाला ३०० धरले, तर प्रिंट सव्वापाच बाय चार इंच. बारातले दहा मेगापिक्सेल वाटेतच सांडले. त्यात जागा वाचवायला जो दाब दिला जातो, त्याने केस, भुवया, गणवेशावरचा बिल्ला असे बारीक तपशील आणखी पुसले जातात. २०२३पासून 'एचडी' पाठवायची सोय आली आहे, तिने फरक पडतो, पण तिथेही मूळ फाइल जशीच्या तशी जात नाही. तीच हवी असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडायचा, किंवा ड्राइव्हवर ठेवून दुवा द्यायचा, नाहीतर सरळ पेनड्राइव्ह. बहुतेक शाळांत काय होतं? बाईंनी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, फोन भरला म्हणून गॅलरीतून उडवला. आता जगात त्या वर्गाचा जो फोटो उरला, तो हा दोन मेगापिक्सेलांचा.

इथे मला आपल्या गिरणगावातल्या भिंती आठवतात. लालबाग-परळच्या चाळीतल्या खोलीत शिरलं की समोर आजोबांचा हार घातलेला फोटो असायचा. पुष्कळ घरांत तो फोटो मुळात आजोबांचा एकट्याचा नसायचाच. गिरणी कामगाराने आयुष्यात स्टुडिओत जाऊन एकट्याचा फोटो काढण्याचे प्रसंग किती? कुणाचा लग्नातल्या घोळक्यातून, कुणाचा खात्यातल्या मंडळींच्या ग्रुप फोटोतून, कुणाचा भजनी मंडळाच्या फोटोतून उचललेला. माणूस गेल्यावर मुलगा तो फोटो घेऊन स्टुडिओत जायचा, बोट ठेवून सांगायचा, "मागच्या रांगेतले, डावीकडून तिसरे." स्टुडिओवाला त्या चेहऱ्याचा वेगळा फोटो करायचा, मोठा करायचा, ब्रशने थोडं काम करायचा. कधी कधी अंगात नसलेला कोटही रंगवायचा. पण चेहरा त्याच माणसाचा असायचा.

हे जमायचं कारण जुना ग्रुप फोटो. तिकाटण्यावरचा मोठा कॅमेरा, आत मोठी निगेटिव्ह, "हलू नका" म्हणून दरडावणारा फोटोग्राफर. बारा इंच रुंदीच्या जुन्या प्रिंटमध्ये एका रांगेत वीस माणसं असली, तर एकेकाच्या वाट्याला दीड सेंटिमीटर येतं आणि चेहरा त्याच्या निम्मा धरा, पाऊण सेंटिमीटर. आज तो प्रिंट स्कॅनरवर इंचाला ६०० ठिपके धरून स्कॅन केला, तर एका चेहऱ्याला सुमारे पावणेदोनशे चौकटी मिळतात. आता तोच हिशेब आपल्या वर्गाला लावू. एका रांगेत वीस मुलं, फोटो ४००० चौकटी रुंद, एका मुलाला २०० आणि चेहऱ्याला १००. हे मूळ फाइलमध्ये. ग्रुपवरून आलेल्या फाइलमध्ये एका मुलाला ८० आणि चेहऱ्याला ४०. भिंतीवरच्या फ्रेममध्ये चार इंच रुंद चेहरा पाच फुटांवरून नीट दिसायचा असेल, तर त्याला सव्वादोनशे-अडीचशे चौकटी तरी लागतात. जुना फोटो त्याच्या जवळपास जातो. आपला आजचा, 'कितीही मोठा करा'वाला फोटो पाव वाट्यालाही पोचत नाही.

म्हणूनच ग्रुप फोटोपुरते जास्त मेगापिक्सेल खरोखर कामाचे आहेत, हे मी मान्य करतो. पटांगणात, सकाळच्या उजेडात, फोन तिकाटण्यावर किंवा निदान बाकावर टेकवून पूर्ण अठ्ठेचाळीसवर एक फोटो घ्या. चेहऱ्याला २०० चौकटी मिळतील. संध्याकाळी सभागृहाच्या ट्यूबलाइटमध्ये मात्र तो आकडा नावापुरताच उरतो, कारण फोनमधल्या बारीक चौकटींना तेवढा प्रकाशच मिळत नाही आणि चित्र खरखरीत होतं. याहून सोपा उपाय म्हणजे साठ मुलांचा एकच फोटो काढण्याचा हट्ट सोडायचा. सगळ्यांचा एक काढा आणि मग वीस-वीसच्या तुकड्या करून, दोन-तीन रांगांत उभ्या करून, जवळ जाऊन आणखी तीन. दहा मिनिटं जास्त लागतील. एका रांगेत सात-आठ मुलं आली की चेहऱ्याला साध्या बारा मेगापिक्सेलमध्येही अडीचशे चौकटी मिळतात.

कुणी म्हणेल, आता एआयने जुने फोटो स्वच्छ होतात, मग एवढी कटकट कशाला? मी हे ॲप वापरलेले फोटो पाहिले आहेत. चाळीस चौकटींच्या डागातून लख्ख डोळे, सरळ दात, गुळगुळीत गाल निघतात. ते निघतात कुठून? त्या मुलाच्या चेहऱ्यातून नव्हे, कारण ती माहिती फाइलमध्ये राहिलेलीच नसते. मशीनने पाहिलेल्या इतर असंख्य चेहऱ्यांवरून केलेला तो अंदाज असतो. जाहिरातीला चालेल. पण भिंतीवर लावलेल्या फोटोपुढे आजी हात जोडते, तेव्हा तो चेहरा त्याच माणसाचा असायला हवा. स्टुडिओवाल्याने रंगवलेला कोट आणि मशीनने बनवलेला चेहरा यांत मला फार फरक वाटतो.

लॅबमध्ये आणखी एक शब्द कानावर पडतो, "फाइल तीनशे डीपीआय करून आणा." मग आपण कुठल्याशा ॲपमध्ये ७२ खोडून ३०० लिहितो आणि समाधानाने परत जातो. चौकटी होत्या तेवढ्याच राहिल्या असतील, तर आपण नुसतं लेबल बदललं. पोत्यावर 'पन्नास किलो' लिहिल्याने आतले तांदूळ वाढत नाहीत. उलट ॲपने चौकटी वाढवल्या असतील, तरी त्या शेजारच्यांची सरासरी काढून भरलेल्या असतात. फाइलची लांबी-रुंदी किती चौकटींची आहे तेवढंच बघा. फोनमध्ये फोटोच्या 'तपशील' किंवा 'माहिती'मध्ये ते दिसतं.

आणि कापाकापी सांभाळा. फोनचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो, चार बाय सहाचा कागद तिनास दोन या प्रमाणात. कागद पूर्ण भरायचा तर ३००० उंचीतल्या सुमारे ३३३ चौकटी उडतात, नववा हिस्सा. वर्गाच्या फोटोत याचा अर्थ, मागच्या रांगेतल्या उंच मुलांचे भांग किंवा पुढच्या मुलांनी धरलेली शाळेच्या नावाची पाटी. फोटो काढतानाच वर-खाली जागा सोडावी, नाहीतर लॅबमध्ये 'पांढरी किनार ठेवून पूर्ण फोटो' असं स्पष्ट सांगावं. सहा बाय आठचा आकार चारास तीनच आहे, तो मिळाला तर प्रश्नच मिटला.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारणही आहे. नायगावच्या आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, गिरगावात जुन्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत. घरं हलताना भिंतीवरच्या फ्रेमा उतरतात, ट्रंका उघडतात. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरात या वर्षी-दोन वर्षांत हे होणार. जुना फोटो सापडला की आपण काय करतो? फोनने त्याचा फोटो काढतो, काचेवरच्या ट्यूबलाइटच्या चमकेसकट, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो आणि मूळ फोटो सामानात कुठेतरी जातो. मुलांना सांगा, फ्रेम उघडता येत असेल तर काच काढून फोटो स्कॅनरवर ठेवायचा, इंचाला ६०० वर. काचेला चिकटला असेल तर ओढायचा नाही, तसाच काचेसकट स्कॅन करायचा. झेरॉक्सच्या दुकानात हे काम होतं, फक्त '६००' हा आकडा तिथे आपण म्हणायचा, नाहीतर कागदपत्रांच्या हिशेबाने कमीवर करून देतात.

शाळांकडून माझी मागणी फार मोठी नाही. दर वर्षी प्रत्येक तुकडीच्या ग्रुप फोटोची मूळ फाइल शाळेच्या संगणकावर आणि एका वेगळ्या हार्डडिस्कवर, दोन ठिकाणी. फाइलच्या नावात वर्ष आणि तुकडी, 'आयएमजी'पुढचे आकडे नकोत. पालकांना ग्रुपवर नेहमीचा हलका फोटो जाऊ दे, तो बघायला ठीक आहे, पण त्याखाली मूळ फाइलचा दुवा द्या. दुवा फक्त त्या वर्गाच्या पालकांपुरता ठेवा, मुलांचे चेहरे आहेत. आणि निदान एक प्रत आठ बाय बारावर छापून शाळेच्या दप्तरात ठेवा. मूळ बारा मेगापिक्सेलच्या फाइलवरून ती सुरेख येते. डिस्क बिघडते, पासवर्ड विसरतो, कागद मात्र कपाटात पडून राहतो.

त्या प्रतीबरोबर नावं हवीतच. मागची रांग, मधली, बसलेली, डावीकडून उजवीकडे. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, दाबाच्या रेघा पुढून चेहऱ्यांवर उठतात, आणि आजकालच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही. वेगळ्या कागदावर लिहून त्याच पाकिटात घाला. हे काम मुलांकडूनच करून घ्या, एकमेकांची पूर्ण नावं त्यांना आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात.